दोन ठोक्यांमधली जागा: लहान मुलांना लय शिकवताना चेंडू, रुमाल आणि रिंगा कशासाठी?

चार वर्षांची एक मुलगी माझ्यासमोर चेंडू घेऊन उभी होती. त्याआधी आम्ही सगळे गोलात बसून टाळ्या वाजवत होतो आणि तिला ते काही केल्या जमत नव्हतं. बाकीच्यांच्या चार टाळ्या होईपर्यंत तिच्या सात-आठ व्हायच्या. मग ती आजूबाजूला बघायची आणि हात मांडीवर ठेवून द्यायची. चेंडू दिल्यावर तिने तो जमिनीवर सोडला, तो उसळून वर आला, तिने दोन्ही हातांनी पकडला. परत सोडला, परत पकडला. पाच-सहा वेळा झाल्यावर तिच्या तोंडून आपोआप आवाज निघायला लागला: "टप... हं. टप... हं." मी तिच्या जोडीने हलकेच मांडीवर थाप द्यायला लागले. आम्ही दोघी एका लयीत होतो आणि लयीबद्दल मी तिला एक शब्दही सांगितला नव्हता.

टाळी वाटेल तेव्हा वाजवता येते. चेंडू मात्र आपल्याला वाटेल तेव्हा परत येत नाही, त्याची वाट बघावी लागते. लहान मुलांना लय शिकवणं म्हणजे बरंचसं ही वाट बघणं शिकवणं आहे, असं मला इतक्या वर्षांनी वाटतं. ठोका मारायला कोणालाही येतो. पुढचा ठोका येईपर्यंत थांबायचं, आणि किती थांबायचं ते अंगात मुरवायचं, हे खरं अवघड काम. दोन ठोक्यांमधली ती जागा ऐकू येत नाही, दिसत नाही, हाताला लागत नाही. मोठ्या माणसाला ती कल्पनेने धरता येते, चार वर्षांच्या मुलाला नाही. चेंडू, रुमाल, दाण्यांची पिशवी, जमिनीवरच्या रिंगा या वस्तू ती जागा मुलाला दाखवतात, हातात देतात. रंगीत असतात, मुलांना आवडतात, हे त्यांचे वरचे गुण.

एका शब्दात चार गोष्टी

"याला लयच नाही" असं आपण सहज म्हणून जातो. पण लय या एका शब्दात आपण चार वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात, त्यामुळे मूल नेमकं कुठे अडलंय ते कळत नाही. त्या सुट्या करून बघू.

पहिली गोष्ट ठोका. गाणं ऐकताना आपला पाय नकळत हलतो. तो ज्या सारख्या अंतराने हलतो ते ठोके. गाण्यात दर ठोक्याच्या जागी आवाज असतोच असं नाही, तरी पाय हलतो. दुसरी गोष्ट गती, म्हणजे हे ठोके किती भरभर येतात ते. तिसरी गोष्ट गट. ठोके अगदी सारखे असले तरी आपण मनात त्यांचे दोन-दोन, तीन-तीन, चार-चार असे गट पाडतो आणि गटातल्या पहिल्या ठोक्यावर वजन टाकतो. चौथी गोष्ट नक्षी. ठोक्यांच्या त्या सारख्या चौकटींवर शब्द किंवा सूर लांब-आखूड बसतात: कुठे एका चौकटीत दोन, कुठे दोन चौकटी मिळून एक, कुठे चौकट मोकळीच.

मोठी माणसं बहुतेक वेळा शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करतात. "मी वाजवते तसं वाजव" म्हणून एक नक्षी वाजवून दाखवतात. मूल हुबेहूब नक्कल करतं आणि सगळ्यांना वाटतं, जमलं. तीच नक्षी न थांबता लागोपाठ चार वेळा वाजवायला सांगा. मधली अंतरं ढासळतात, कारण खालचे ठोके बसलेलेच नसतात. कापड ताणून न धरता भरतकाम करायला घेतल्यासारखं ते होतं. म्हणून आधी ठोका, त्याच्याबरोबर गती, मग गट, आणि नक्षी सगळ्यात शेवटी. हा क्रम मी सहसा मोडत नाही.

मूल काय घेऊन येतं

मूल कोऱ्या पाटीने येत नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जन्मून दोन-तीन दिवस झालेल्या बाळांना झोपेत एक ठेका ऐकवला आणि डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडमधून मेंदूतले बदल टिपले. मधेच गटातला पहिला, वजनाचा ठोका गाळला की बाळाचा मेंदू दचकल्यासारखी खूण द्यायचा. कमी महत्त्वाचा ठोका गाळला तर तसं व्हायचं नाही. म्हणजे ठोका कुठे यायला हवा होता, याची काही एक अपेक्षा इतक्या लहान वयातही असते.

त्याआधीचा, २००५ सालचा एक प्रयोग मला त्याहून मोलाचा वाटतो. सात महिन्यांच्या बाळांना एक ठेका ऐकवला. त्यात कुठेच वजन दिलेलं नव्हतं, त्यामुळे तो दोन-दोनच्या गटातही ऐकता येत होता आणि तीन-तीनच्या गटातही. ठेका चालू असताना काही बाळांना दर दुसऱ्या ठोक्याला हातावर झुलवलं, काहींना दर तिसऱ्या ठोक्याला. नंतर दोन्ही प्रकारे वजन दिलेले ठेके ऐकवले, तेव्हा ज्या बाळाला जसं झुलवलं होतं तसा ठेका ते जास्त वेळ ऐकत राहिलं. दुसरं कोणी झुलताना बाळाने नुसतं पाहिलं असेल, तर हा परिणाम दिसला नाही. स्वतःचं अंग हललं तेव्हाच कानाने गट पाडला. "आधी नीट ऐक, मग हल" ही आपली नेहमीची सूचना लहान मुलांच्या बाबतीत उलटी का करावी लागते, ते इथे कळतं.

मात्र कान तयार असला तरी हात तयार नसतात. २०१०च्या एका अभ्यासात पाच महिने ते दोन वर्षांची मुलं बोलण्यापेक्षा संगीतावर जास्त हलताना दिसली. संगीत जलद झालं की त्यांची हालचालही जलद व्हायची. पण ठोक्याला ठोका नेमका जुळायचा नाही. तो नेमकेपणा हळूहळू येतो आणि शाळेच्या पहिल्या काही वर्षांतही वाढत राहतो. त्यामुळे तीन वर्षांचं मूल टाळी चुकवतंय म्हणून काळजी करायचं काही कारण नाही. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: ज्या मुलांची हालचाल संगीताशी जास्त जुळत होती, ती जास्त हसत होती.

जर्मनीत, अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांबरोबर केलेला आणखी एक प्रयोग सांगते. मुलांनी एका ठेक्याबरोबर वाजवायचं होतं. ठेका कधी समोर बसलेला माणूस वाजवत होता, कधी यंत्र, तर कधी नुसता स्पीकरमधून आवाज येत होता. माणूस बरोबर असताना मुलं सगळ्यात चांगली जुळली, आणि एरवी ज्या संथ गतीला अडीच वर्षांच्या मुलांना थांबून राहता येत नव्हतं, तिथेही ती माणसाच्या सोबतीने आपला वेग आवरताना दिसली. म्हणून मी मुलांसाठी गाणं लावून बाजूला होत नाही. मी समोर बसते, त्यांच्याकडे बघते आणि त्यांच्याबरोबर वाजवते. वस्तू कितीही चांगली असली तरी ती दोघांच्या मध्ये असते, तेव्हाच तिचा उपयोग होतो.

हळू म्हणजे सोपं, हा गैरसमज

मुलांना जमत नसलं की आपण वेग कमी करतो. पुष्कळदा त्यामुळे काम जास्त अवघड होतं.

कोणालाही "तुला बरं वाटेल त्या वेगाने टेबलावर बोट आपटत राहा" असं सांगितलं, तर मोठी माणसं साधारण मिनिटाला १०० च्या आसपास आपटतात. चार-पाच वर्षांची मुलं बरीच भरभर आपटतात, मिनिटाला १५० च्या आसपास. त्यांची मनाजोगती गतीच वेगळी आहे. आपण ज्याला सावकाश म्हणतो तो मिनिटाला ६० चा ठोका त्यांना दोन ठोक्यांच्या मध्ये पूर्ण एक सेकंद थांबायला लावतो, आणि त्या सेकंदात मूल खिडकीबाहेर बघून परत आलेलं असतं.

म्हणून पहिल्या दिवसापासून मी मुलाच्या मागे जाते. मूल खोलीत चालतं, मी त्याच्या पावलांना पाऊल लागेल तसा ठोका देते. ते पळालं की माझा ठोका पळतो, ते थांबलं की थांबतो. थोड्या वेळाने मुलाच्या लक्षात येतं की आवाज आपल्या पायांना बांधलेला आहे. मग ते मुद्दाम थांबून बघतं, एका पायावर उभं राहतं, हसतं. हा खेळ चांगला रंगला की मी ठोका किंचित हळू करते, आणि बहुतेक मुलं न सांगता हळू चालायला लागतात. आता ते माझ्या मागे आलं. आधी मी त्याच्या मागे गेले नसते तर हे झालं नसतं.

ही काही माझी युक्ती नाही. स्वित्झर्लंडचे संगीतशिक्षक एमिल जाक-दालक्रोझ (१८६५–१९५०) यांनी संगीतशिक्षणाची सुरुवातच चालण्यापासून केली. जिनिव्हाच्या संगीतविद्यालयात शिकवताना त्यांना दिसलं की विद्यार्थ्यांना नियम पाठ आहेत, बोटं चालतात, पण जे लिहितात-वाजवतात ते त्यांना आतून ऐकू येत नाही आणि लय अंगात उतरत नाही. विद्यार्थी चालतात तेव्हा मात्र सारखं पाऊल टाकतात. मग ते पियानोवर बसून वाजवायचे आणि विद्यार्थी त्यावर चालायचे, वळायचे, थांबायचे. संगीत आधी अंगाला समजू दे, कागद नंतर, हा त्यांचा आग्रह. लहान मुलांच्या वर्गात आज जे लयीचे खेळ खेळले जातात, त्यांतल्या पुष्कळांचं मूळ इथे आहे.

प्रत्येक वस्तूला तिचा वेळ असतो

कोणती वस्तू कशासाठी घ्यायची, हे एकदा समजलं की खेळ आपले आपण सुचत जातात.

चेंडूपासून सुरुवात करू. साठ सेंटिमीटरवरून, म्हणजे लहान मुलाच्या कमरेच्या उंचीवरून सोडलेल्या चेंडूला जमिनीपर्यंत पोचायला साधारण ०.३५ सेकंद लागतात. मीटरभर उंचीवरून सोडला तर ०.४५ सेकंद. परतीलाही जवळपास तेवढाच वेळ धरला, तर मुलाच्या उंचीवरून टप आणि झेल मिनिटाला १७० च्या आसपास पडतात, मोठ्या माणसाच्या उंचीवरून १३० च्या आसपास. म्हणजे मूल जितकं बुटकं, तितका त्याचा चेंडू भरभर, आणि त्याची मनाजोगती गतीही भरभरच. चेंडू मुलाच्या मापाने चालतो. त्या चार वर्षांच्या मुलीला टाळीत जे जमलं नाही ते चेंडूत का जमलं, याचं निम्मं उत्तर यात आहे.

चेंडू गटही शिकवतो. आपट-झेल, आपट-झेल हा दोनाचा गट. आपट-झेल-धर, आपट-झेल-धर हा तीनाचा, यात तिसऱ्या ठोक्याला चेंडू छातीशी धरून ठेवायचा. मुलांना "तीनाचा गट" हे शब्द सांगायची गरज नाही. आपटण्यात जोर लागतो, त्यामुळे वजन आपोआप पहिल्या ठोक्यावर येतं. चेंडू मोठा आणि थोडा मऊ घ्यावा. फार उसळणारा लहान चेंडू दिला की मुलं लय सोडून त्याच्यामागे पळतात.

पातळ, झिरझिरीत कापडाचा रुमाल याच्या बरोबर उलट. वर फेकलेला रुमाल तरंगत खाली येतो. त्याला एक-दोन सेकंद लागतात आणि तेवढा वेळ मुलाचं लक्ष त्याच्यावरून हटत नाही. नुसत्या टाळ्यांत जो एक सेकंद मुलाला पेलत नव्हता, तो रुमालाने भरून निघतो. संथ गती शिकवायला मी रुमालाशिवाय दुसरं काही घेत नाही. रुमाल वर जाताना आवाज चढवत न्यायचा, खाली येताना उतरवत आणायचा, आणि हातात पडला की सगळ्यांनी मिळून "हा!" म्हणायचं. ते "हा!" एकत्र पडण्यासाठी सगळ्यांना तो वेळ मनात मोजावाच लागतो.

दोरीला वजन बांधून केलेला लंबक फारसा कोणी वापरत नाही, याचं मला वाईट वाटतं. पंचवीस सेंटिमीटर लांबीचा लंबक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला जवळजवळ अर्धा सेकंद घेतो, म्हणजे मिनिटाला १२० ठोके. मीटरभर लांबीचा एक सेकंद घेतो, म्हणजे ६०. झोका थोडा मोठा-लहान झाला तरी वेळ जवळपास तोच राहतो, तो दोरीच्या लांबीवर ठरतो. पाच-सहा वर्षांच्या मुलांना हे स्वतः करून बघायला फार आवडतं. दोरी आखूड करा, लंबक धावतो. लांब सोडा, रेंगाळतो. मुलांनी लंबकासारखं स्वतः डावीकडे-उजवीकडे डोलायचं आणि दर टोकाला "टिक" म्हणायचं. टोकाला पोचायच्या आधी म्हटलं तर लंबक अजून वाटेतच असतो. मूल चूक स्वतः बघतं, मला ती दाखवावी लागत नाही.

खुळखुळ्याबद्दल मात्र सावध राहायला हवं. सगळ्यात आधी तोच मुलांच्या हातात दिला जातो आणि ठोका शिकवायला तोच सगळ्यात कच्चा. आतले दाणे एका बाजूकडून निघून दुसऱ्या बाजूला आपटतात तेव्हा आवाज होतो, म्हणजे हात थांबल्यावर. शिवाय हात पुढे नेताना एक आणि मागे आणताना एक, असे दोन आवाज होतात. आपण नेमकं केव्हा वाजवलं तेच मुलाला कळत नाही. उपाय सोपा आहे: हवेत हलवायच्या ऐवजी खुळखुळा दुसऱ्या हाताच्या तळव्यावर किंवा मांडीवर आपटायला लावायचा. हात थांबतो तिथेच आवाज होतो.

काठ्यांचा आवाज स्वच्छ, म्हणून त्या ठोक्याला चांगल्या. पण दोन काठ्या हवेत एकमेकींवर आपटायच्या म्हणजे दोन हलत्या गोष्टींची गाठ घालायची, आणि तीन वर्षांच्या मुलाला ते कठीण जातं. टाळीचंही तसंच आहे. स्थिर जागेवर मारणं नेहमी सोपं, म्हणून आधी मांडीवर थाप, मग टाळी. आधी काठी जमिनीवर, मग काठीवर काठी. दोन्ही हात एकदम मारणं आधी जमतं, आळीपाळीने मारणं नंतर. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ (१८९५–१९८२) यांच्या नावाने चालणाऱ्या पद्धतीत तर अंग हेच पहिलं वाद्य: पाय आपटणं, मांडीवर थाप, टाळी आणि चुटकी. त्यातली चुटकी लहान मुलांना वाजत नाही, आणि वाजत नाही म्हणून ती हिरमुसतात. मी ती सरळ गाळते.

रिकामी रिंग

लयीत सगळ्यात अवघड काय, तर न वाजवणं.

जमिनीवर चार मोठ्या रिंगा ओळीने मांडायच्या. नसतील तर खडूने चार गोल काढायचे. एक रिंग म्हणजे एक ठोका. प्रत्येक रिंगेत एक दाण्यांची पिशवी ठेवायची. मी ओळीच्या कडेने एकेक पाऊल टाकत जाते आणि माझं पाऊल ज्या रिंगेपाशी पडेल तिथे मुलं टाळी वाजवतात. चार रिंगा, चार टाळ्या, परत पहिल्या रिंगेपासून. हे दोन मिनिटांत जमतं. मग मी तिसऱ्या रिंगेतली पिशवी उचलून घेते आणि काही न बोलता परत चालायला लागते.

पहिल्या खेपेला जवळजवळ सगळी मुलं तिसऱ्या रिंगेतही टाळी वाजवतात. हात चालू झालेला असतो, तो थांबत नाही. दुसऱ्या खेपेला काही मुलं टाळी गाळतात, पण तिच्याबरोबर वेळही गाळतात. दोन टाळ्या झाल्या की लगेच चौथी वाजवून मोकळी होतात. ही चूक बघण्यासारखी आहे. मुलाच्या लेखी आवाज नसलेली जागा म्हणजे जागाच नाही. रिंग त्याच्या डोळ्यांसमोर आहे, रिकामी आहे, पण आहे. तिथे माझं पाऊल पडतं, तेवढाच वेळ लागतो. हे एकदा पटलं की लयीतलं एक मोठं दार उघडतं.

पटवण्यासाठी त्या जागेला हालचाल द्यायची. रिकाम्या रिंगेपाशी आलो की दोन्ही तळवे आवाज न करता बाहेर उघडायचे, किंवा ओठांवर बोट ठेवायचं. हाताला काम मिळालं की तो थांबायला तयार होतो. पुढे ही हालचाल लहान करत न्यायची. आधी तळवे, मग नुसती मान, मग नुसता श्वास. एका मुलाने रिकाम्या रिंगेत डोळे मिटायला सुरुवात केली होती आणि आठवडाभरात सगळा वर्ग तसं करायला लागला. त्यापेक्षा चांगली खूण मला सुचली नसती.

एका रिंगेत दोन लहान पिशव्या ठेवल्या की एका ठोक्यात दोन टाळ्या. रिंग तेवढीच, पाऊल तेवढंच, आत मात्र दोन. आता मुलांनी स्वतः पिशव्या मांडायच्या आणि बाकीच्यांनी ते वाजवायचं. पाच वर्षांची मुलं इथे चक्क रचना करत असतात. पुढे कधी ती संगीत कागदावर वाचायला शिकली, तर त्यातली निम्मी कल्पना त्यांच्या ओळखीची असेल.

शब्दांचे ठोके

रिंगांत पिशव्यांऐवजी चित्रंही ठेवता येतात. उंट म्हणजे एक टाळी. मांजर म्हणजे दोन: मां-जर्. चिमणी म्हणजेही दोनच: चिम्-णी. इथे मोठ्यांची एक चूक हमखास होते. आपण लिहिलेली अक्षरं मोजतो. फुलपाखरू लिहिताना पाच अक्षरं होतात, पण बोलताना फुल्-पाख्-रू असे तीनच ठोके पडतात. बदक लिहिताना तीन, बोलताना ब-दक् असे दोन. अजून लिहायला न लागलेलं मूल हे बरोबर वाजवतं आणि लिहायला शिकलेलं मूल अडखळतं. अशा वेळी कानावर विश्वास ठेवायचा, पाटीवर नाही.

एका ठोक्यात एक आणि एका ठोक्यात दोन, यांना ठरावीक बोल असले की काम सोपं होतं. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत एकाला "ता" आणि दोनाला "ति-ति" म्हणतात. "ता, ता, ति-ति, ता" असं तोंडाने म्हणता आलं की हाताने जमतं. आमच्या वर्गात मुलं त्याऐवजी "उंट, उंट, ससा, उंट" म्हणतात. काम तेच होतं.

ठोका धरता येणं आणि भाषेतले आवाज वेगळे करता येणं यांचा काही संबंध दिसतो. तीन-चार वर्षांच्या मुलांच्या २०१४ सालच्या एका अभ्यासात ज्यांना ठोक्याबरोबर वाजवता येत होतं, ती मुलं वाचनाच्या पूर्वतयारीतल्या काही कामांतही पुढे होती. पण दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं म्हणता येत नाही. लयीचे खेळ खेळले की मूल लवकर वाचायला लागेल, असं आश्वासन मी कोणत्याही पालकाला देत नाही.

सगळे मिळून

मोठी चादर घ्यायची, सगळ्यांनी कडा धरायच्या. वर, खाली, वर, खाली. एकाच्या हाताने चादर हलत नाही, सगळ्यांनी एकदम उचलली तरच फुगते. चादरीवर हलका चेंडू ठेवला की तो ठोक्याला उडतो. ज्या मुलाला एकट्याने लय सापडत नाही, त्याच्या हातात इथे बाकीच्यांची लय कापडातून पोचते. लाजऱ्या मुलांसाठी मला याहून चांगला खेळ माहीत नाही.

गोलात बसून पिशवी पुढे देण्याचा खेळ दिसतो सोपा, पण तो पाच वर्षांच्या आत काढू नये. उचलायची आणि शेजाऱ्यासमोर ठेवायची, अशा दोन हालचाली दोन ठोक्यांत बसवायच्या असतात. सगळ्यांनी मिळून "घे... ठेव... घे... ठेव" म्हणायचं. मुलं "ठेव"च्या ऐवजी फेकतात आणि एका मुलापुढे चार पिशव्यांचा ढीग होतो. तसं झालं की थांबून, पिशव्या बाजूला ठेवून, नुसत्या मोकळ्या हातांनी एक फेरी करायची.

संगीत थांबलं की पुतळा व्हायचं, हा खेळ छान आहे. कान उघडा ठेवायला आणि शरीर आवरायला तो शिकवतो. पण चुकलेल्याला बाद करायची पद्धत मी कधीच मोडीत काढली. बाद होणारं मूल म्हणजे ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे तेच मूल, आणि तेच कडेला बसून राहतं.

थोडं काळजीचंही बोलायला हवं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हातात तोंडात जाईल असं लहान काही देऊ नये, पिशवीची शिवण पक्की असावी. रुमाल गळ्याभोवती जाणार नाही याकडे लक्ष ठेवावं. काठ्या आखूड आणि टोकं गोल. फुगे संथ खेळाला चांगले वाटतात, पण फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात अडकू शकतो, म्हणून लहान मुलांत मी ते टाळते. आणि बंद खोलीत वीस मुलांना एकाच वेळी धातूची वाद्यं देऊ नयेत. त्यांच्या कानांसाठी ते चांगलं नाही, आणि त्या गोंगाटात कोणालाच आपला ठोका ऐकू येत नाही.

मुलाचे हात धरून टाळ्या वाजवायला लावणं, मोठ्याने "एक-दोन-तीन-चार" ओरडत राहणं, दर वेळी "चुकलं" म्हणणं, या तिन्ही सवयी मोडायला मला स्वतःला बराच काळ लागला. हात धरले की मूल हात सैल सोडतं, वेळ मोजायचं काम आपल्याकडे येतं आणि त्याला शिकायला काही उरत नाही.

मग वस्तू काढून घ्यायची

वस्तूशी खेळ जमला की तो तिथेच सोडून देण्याचा मोह होतो. पण चेंडू वेळ सांभाळतोय तोवर ती मुलाची लय झालेली नसते. म्हणून काही आठवड्यांनी मी चेंडू पेटीत ठेवते आणि म्हणते, "आता खोटा चेंडू."

त्या मुलीबरोबरही मी हेच केलं. ती उभी राहिली, दोन्ही हात पुढे करून काहीच नसलेलं काहीतरी खाली सोडलं, आणि थांबली. डोळे जमिनीवर गेले आणि परत वर आले. मग तिने हात मिटले. "टप... हं." परत सोडलं. "टप... हं." मी मांडीवर थाप द्यायला लागले. सातव्या-आठव्या वेळेला मी मुद्दाम थाप थांबवली. तिने माझ्याकडे पाहिलं, पण हात थांबले नाहीत. तिचा चेंडू अजून खाली जात होता, आणि तो परत येईपर्यंत ती थांबली.